शिवकन्येला बघायला येणार

१६ जून २०२५, सोमवार

आज आलं ते — दुधाच्या पावडरचे डबे सहा, दर चारशे पंधरा. लंगोटाचं सुती कापड दहा मीटर, मीटरला बासष्ट. ऑक्सिजनची टाकी भरून आली, तीनशे, वर टेम्पोचे दीडशे. दीडशे जास्त होतात! पण बसवाले टाकी घेत नाहीत म्हणे. हसनाबादच्या साहेबरावांनी पाळण्याची मच्छरदाणी दिली. तिच्यापुढं नुसतं "दान" लिहिलं.

हिशेब लिहायलाच सुरेखा मॅडमनी मला शिशुगृहात बोलावलं होतं. भोकरदनला आमच्याच गल्लीत आहे ते. दुपारी जायचं, पावत्या लावायच्या, परत यायचं. मॅट्रिक झालेल्या बाईला तेवढं जमतं. आता पावत्या लावून होतात लवकर, अन् नंतर मांडीवर कोणी ना कोणी असतंच. घरी येते तर साडीला दुधाचा वास. हे म्हणतात, "पगार न्हाई, पेन्शन न्हाई, ड्युटी मात्र डबल!" एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी घरातलं सगळं ड्युटीतच मोजतात.

सध्या पाळणे दोन भरलेत. दोन्ही लेकरं टाकून दिलेली, दोन्ही आजारी. धडधाकट असतात त्यांना न्यायला लोक रांग लावतात. मागं उरतात ती अशी.

एक मुलगी. महाशिवरात्रीच्या सकाळी देवळामागं सापडली म्हणून मॅडमनी नाव टाकलं शिवकन्या. हृदयाला छिद्र आहे. चार महिने होत आले तरी वजन साडेतीन किलोच्या आत. दुसरा मुलगा, तीर्थपुरीहून आणलेला. तो अगदीच कमी दिवसांचा. त्याचं अजून नाव ठेवलं नाही. मॅडम म्हणतात, जरा धरला की ठेवू.

हे हसतात — "शिवकन्या, अन् विहारातल्या बाईच्या मांडीवर! जमलं बघ."

१८ जून

शिवकन्येला बाटली ओढवत नाही. चमच्यानं द्यावं लागतं. दोन चमचे घेतले की थांबते, छाती भात्यासारखी हलते, कपाळाला घाम. दूध पिताना लेकराला घाम फुटावा! आपण रानात खुरपताना पुसतो तसा पदरानं पुसते मी.

नाजिया म्हणाली, "काकू, ये दूध नै पीरी, पहाड चढरी."

नाजिया इथली आया. घरी उर्दू, माझ्याशी मराठी, अन् जीव गलबलला की दोन्ही एकदम.

मला हसू आलं अन् मग आलं नाही.

२१ जून, शनिवार

आज फोटो काढला. शिवकन्येला कोणी न्यायला आलं नाही, मुदत संपली, बालकल्याण समितीनं कागद दिला. आता ती दत्तक द्यायला मोकळी. मोकळी! काय शब्द आहे. तर मॅडम म्हणाल्या, "कांताबाई, फोटो कॉम्प्युटरवर चढवायचाय, देशभरातले लोक बघतात. जरा तयार करा तिला."

मला हुरूपच आला. आंघोळ घातली. माझ्या जुन्या जरीकाठाच्या साडीचं झबलं शिवलेलं होतंच. पावडर लावली, काजळ घातलं, गालावर तीट. पण ओठ निळे. निळे म्हणजे जांभूळ खाल्ल्यासारखे. मला ते बघवेनात. म्हटलं, ही पोर जगाला पहिल्यांदा तोंड दाखवून राह्यली अन् असे ओठ?

नाजियाच्या पर्समध्ये लिपस्टिक होती. करंगळीनं इवलीशी लावली. उरलेला हात गालांवर फिरवला.

"हाय अल्ला! दुल्हन दिसरी!" नाजिया म्हणाली, अन् मोबाइल धरून उभी राहिली. त्याच वेळी शिवकन्येनं तोंड वाकडं करून जांभई दिली, अन् ती जांभई फोटोत हसू होऊन आली. असा फोटो मिथुनचाही नाही माझ्याकडं, पोटच्या पोराचा.

मग ओल्या कापडानं सगळं पुसून टाकलं.

चार जुलैला तिला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. ऑपरेशन होतं का नाही ते तिथले डॉक्टर ठरवणार. गाडी सांगून ठेवली.

२५ जून

तीर्थपुरीचा गेला. सकाळी.

२६ जून

काल पुढं लिहवलं नाही.

मी पोचले तेव्हा पाळणा रिकामा अन् नाजिया भिंतीकडं तोंड करून बसलेली. दूध पाजायला घेतला अन् मांडीवरच गप झाला म्हणे. "मैं बोली सो गया काकू. मैं थपकती बैठी." किती वेळ थोपटत बसली कोण जाणे.

दुपारी पोलीस आले. पंचनामा लागतो. शिपाई चांगला होता, टोपी काढून उभा राहिला. "नाव काय लिहू?" मॅडम म्हणाल्या, "नाव ठेवलं नव्हतं." त्यानं लिहिलं — बेवारस पुरुष बालक. नगरपालिकेची गाडी आली. एक माणूस अन् ड्रायव्हर. मी विचारलं, आम्ही येऊ का सोबत? "बाया कशाला येता? जल्दी काम आटपायचंय, आणखी दोन ठिकाणी जायचंय."

गेली गाडी.

नाजियानं दुआ केली. मॅडमनी शिवकन्येच्या मनगटाला देवीचा धागा बांधला. शेजारच्या उषाबाई मला म्हणतात, "कांता, काहीतरी नवस बोल गं त्या पोरीसाठी, देव काय जात बघतो का?" त्यांना काय सांगू. आपल्यात नवस नाही. मागायला कोणी बसलेलंच नाही वर. सकाळ-संध्याकाळ वंदना म्हणते, पंचशील म्हणते, सर्व प्राणी सुखी होवोत म्हणते. एवढी वर्षं त्याचं समाधान होतं. आज पहिल्यांदा वाटलं, उषाबाईचं बरं आहे. भांडायला तरी कोणी आहे.

३० जून, सोमवार

मिळाले! शिवकन्येला आईबाप मिळाले!

नाशिकचे आहेत. दोघं नोकरीवाले. फोटो बघून त्याच दिवशी होकार कळवला. मॅडमना फोनवर बाई म्हणाली म्हणे, "तिचं हसू बघितलं अन् मी रडलेच." हसू! मी नाजियाकडं पाहिलं, नाजियानं माझ्याकडं.

आजाराचा रिपोर्ट त्यांना गेलाय, मॅडमनी पाठवलाय. तिचे मालक म्हणाले, आजकाल छिद्र बुजवतात, आमच्या ओळखीच्यांच्या मुलाचं झालंय.

चार तारखेची गाडी रद्द केली. मॅडम म्हणाल्या, "आता लेकरू त्यांचं. ते मोठ्या ठिकाणी दाखवतील. आपण मधी कशाला कागदाचा घोटाळा करायचा?" मलाही बराबर वाटलं. शिवाय गाडीभाडं वाचलं.

पेढे आणले पाव किलो. नाजियानं पेढ्याचा कण शिवकन्येच्या ओठाला लावला. चाटला तिनं!

३ जुलै

पाहुणे तेरा तारखेला येणार. त्याआधी सुट्टी नाही.

हे म्हणाले, "म्हंजे बघायचा कार्यक्रम. कांदेपोहे तू करणार का?" 

मी म्हटलं, थट्टा करू नका. पण पोहे करायचं मनात होतंच.

१० जुलै, गुरुवार. पौर्णिमा

आजपासून तीन महिने वर्षावास. विहारात पांढरी साडी नेसून गेले, उपोसथाचा उपास धरला. ग्रंथवाचन सुरू झालं. सोनूबाईनं वाचलं, चष्मा सारखा घसरत होता तिचा, मधेच म्हणाली, "थांबा, ओळ हुकली." सगळ्या हसल्या.

मी हसता हसता उठले अन् शिशुगृहात गेले. कालपासून शिवकन्येला ताप. दूध निम्म्यावर आलं. भोकरदनच्या डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले छातीत कफ आहे, हिच्यासाठी कफ साधा नसतो, हिला मोठ्या दवाखान्यात दाखवलं का? मॅडम म्हणाल्या, रविवारी आईवडील येताहेत.

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

१३ जुलै, रविवार

आले अन् गेले.

सकाळीच आले, स्वतःच्या गाडीनं. बाई गोरी, बारीक, साधी. पोह्याला "छान झालेत मावशी" म्हणाली. तिच्या मालकांनी पोहे घेतले नाहीत, पाळणा कुठंय विचारलं.

ताप उतरला होता पण पोर दमलेली. ऑक्सिजनची नळी लावलेली नाकात. ओठ तेच, जांभळे. बाईनं हात धुऊन उचललं. कोणी न सांगता हात धुतले! मला वाटलं, ही घेणार. झबल्यावरून हात फिरवला, मग तिचा हात छातीवर आला अन् तिथंच थांबला. छाती उडत होती.

"ही नेहमी असाच श्वास घेते?"

मी म्हटलं, "दूध पिल्यावर जास्ती. झोपली की थोडा कमी."

मालक मॅडमना मोबाइल दाखवत होते. "मॅडम, फोटोत ओठ गुलाबी आहेत. गाल गुलाबी आहेत. हे तेच बाळ आहे ना?"

मॅडमनी मोबाइल हातात घेतला. बघितला. माझ्याकडं बघितलं.

रिपोर्टमध्ये सगळं होतं म्हणाल्या मॅडम. ते म्हणाले, हो, होतं, वाचलं, पण फोटो बघून आम्हाला वाटलं की एवढं काही नसेल. रिपोर्ट इंग्रजीत असतो. फोटो मात्र सगळ्यांना वाचता येतो.

बाई बराच वेळ मांडीवर घेऊन बसली. तिच्या पर्समध्ये चांदीचे वाळे होते, लाल कागदात. बाहेर काढले, परत आत ठेवले. जाताना माझ्यापाशी आली. हळूच बोलली, "मावशी, आम्ही वाईट नाही हो. आमचं एक गेलंय आधी. असंच. मला पुन्हा नाही सोसवणार."

मला तिचा रागही धरता येईना.

१४ जुलै

मॅडम बोलल्या. दार लावून बोलल्या, एवढी मर्यादा ठेवली.

"कांताबाई, ही काय सोयरीक होती का? पोरगी पावडर-लाली लावून दाखवायची, अन् लग्न लागल्यावर बघू म्हणायचं?"

मी पावत्या नीट लावत राहिले.

"त्यांच्यापायी मी चार तारीख सोडली. आता नवी तारीख मागून राह्यले, फोन उचलत न्हाईत तिकडं."

नाजिया मधे पडली — "मॅडम, लिपस्टिक मेरी थी." 

"तू गप गं!"

घरी आले, कुकर लावला, शिट्टी झाली तरी कळलं नाही. यांनी गॅस बंद केला. सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "तुला बघायला आल्तो तेव्हा तुझ्या मायनं बी पावडर थापलीच व्हती. कानापर्यंत! मी परत गेलो का?"

मी रडले. मंग ते घाबरले अन् चहा टाकायला गेले. साखर विसरले.

१७ जुलै

बावीसची तारीख मिळाली. आज दूध फार कमी.

२२ जुलै, मंगळवार

संभाजीनगरला गेलो. मॅडम, मी, नाजिया. ऑक्सिजनची टाकी पायाशी. मी मांडीवर धरलेली. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला नाजिया ड्रायव्हरला म्हणायची, "भाई, आस्ते!" शेवटी तो म्हणाला, "मी काय उडवू का गाडी?"

रांग मोठी. खिडकीवर विचारलं, आई कोण? मॅडमनी संस्थेचा कागद दाखवला. "अन् ह्या?" माझ्याकडं बोट. मॅडम म्हणाल्या, "ह्या आमच्या हिशेब लिहितात."

खरंच आहे ते.

डॉक्टर पोरगीच होती, मिथुनच्या बायकोच्या, रूपालीच्या वयाची. रूपाली अशीच बोलते, सावकाश, समोरच्याकडं बघून. मशीनवर बराच वेळ बघितलं. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही बघितलं. आपसात इंग्रजीत बोलले. मग तिनं मराठीत सांगितलं.

छिद्र एक नाही. हृदयाची घडणच चुकलेली. त्यात फुप्फुसात दाब वाढलाय, कफानं आणखी. ऑपरेशनला घेतलं तर ती सोसणार नाही. औषधं देऊ, त्रास कमी होईल असं बघू.

मॅडमनी विचारलं, किती? म्हणजे किती दिवस?

"काही महिने मिळतील. कदाचित आठवडे."

मी विचारलं. मला विचारायचंच होतं, सगळ्या रस्त्यानं तेच तोंडात होतं. "चार तारखेला आणली असती तर?"

तिनं पेन टेबलावर ठेवलं. "मावशी, घडण जन्माचीच आहे. तेव्हा काय ठरलं असतं ते मला खरंच सांगता येत नाही."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. दोन्हीकडचं कुठलंही खोटं चाललं असतं.

येताना शिवकन्या झोपलेली. खड्डे तेच. नाजिया काही बोलली नाही ड्रायव्हरला.

२३ जुलै

विहारात गेले. वंदना म्हणता आली नाही. नुसती बसले.

२५ जुलै, शुक्रवार

आज हे शिशुगृहात आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! छत्री द्यायला आले म्हणे. ऊन पडलेलं होतं.

मी पाजत होते. दारात उभे राहिले. मॅडमनी खुर्ची दिली तर बसले, अन् नाजियानं काही न विचारता पोर माझ्या मांडीवरून उचलून यांच्या मांडीवर दिली. "काका, तुम पकडो, काकू का हात दुखरा." माझा हात काही दुखत नव्हता.

पूर्ण दूध होईस्तोवर बसले. मी चमचा धरायची, ते तिला धरायचे. घाम आला तसा खिशातला रुमाल काढून टिपला. पुन्हा आला, पुन्हा टिपला. मधे एकदा म्हणाले, "ही तर आपल्याकडंच बघून राह्यली." मी म्हटलं, ती सगळ्यांकडं तशीच बघते. तर म्हणाले, "न्हाई न्हाई. वळखून."

घरी आलो, जेवायला बसलो. यांनी ताट सारलं अन् आतल्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"ही खाट काढली तर पाळणा बसतो इथं."

मी भांडी घासत होते. तशीच घासत राहिले.

"खिडकीपाशी नको, वारं लागंल. ह्या भिंतीला. टाकी तिकडं कोपऱ्यात."

२८ जुलै, सोमवार

मॅडमना विचारलं. त्यांनी आधी डोक्याला हात लावला.

"कांताबाई, तुमचं वय काय, काकांचं काय? दोघांची बेरीज केली तर नियम कुठल्या कुठं राह्यला! दत्तक मिळणारच न्हाई."

"दत्तक नको."

"मंग?"

मी पाळण्याकडं बोट केलं. त्याच म्हणाल्या मग, आवाज खाली आणून — पुढच्या महिन्यात तिला पुण्याच्या संस्थेत हलवायचा विचार आहे. आजारी मुलं ठेवतात, नर्स आहेत, चांगली जागा आहे. "तिथं तिची आबाळ व्हायची न्हाई."

मी म्हटलं, "तिथं तिला कोण वळखतं?"

मॅडमनी टेबलाचा खण उघडला. मग कागद दिला कोरा. "जालन्याला समितीला अर्ज करा. देतील असं मी सांगत न्हाई. असं कोणी मागितलेलंच मला माहीत न्हाई. पण मी आडवी येणार न्हाई. माझा शेरा लावून देते. अन् त्या फोटोचं… जाऊ द्या."

नाजिया दारामागं ऐकून राहिली होती. आत आली अन् शिवकन्येची दोन्ही दुपटी घडी घालायला लागली, आत्ताच निघाल्यासारखी.

२९ जुलै

अर्ज रजिस्टरनं पाठवला. यांनी सांगितलं, तोंडी बोललेलं कुठं टिकत नाही, रजिस्टरच कर. सोबत तिकीट लावलेलं, आमचा पत्ता घातलेलं पाकीट जोडलं. दोघांच्या सह्या. वरचा मजकूर यांनी सांगितला. शेवट माझा —

"…बाळ बरे होईल असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही व आम्हीही तसे धरून चाललेलो नाही. दत्तक मागत नाही, आमचे नाव लावावे असेही म्हणणे नाही. औषध, ऑक्सिजन, दवाखाना आम्ही बघू. ती जाईल तेव्हा घरात असावी, कोणाच्या तरी मांडीवर असावी, आणि आपले माणूस म्हणून तिला पोचवायला आम्हाला जाता यावे, एवढ्यासाठी ती आम्हाला द्यावी. आपली बैठक कधी असते ते आम्हाला माहीत नाही. बैठकीपर्यंत ती थांबेल का, तेही माहीत नाही. तरी कृपा करून उलट टपाली कळवावे."